खोटी बाटली

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला दिसला. पांढरा कोट अंगात घालून बटणं लावता लावता मी तो वाचला. या महिन्यापासून नेहमीच्या नमुन्यांत मोजणाऱ्यांच्या परीक्षेसाठी काही नमुने मिसळले जातील, ते कोणते हे कोणालाही सांगितलं जाणार नाही, एवढंच त्यात होतं. खाली साहेबांची सही. कागद चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून असा पक्का बसवला होता की काढायचा झाला तर फ्रिजचा रंगही निघाला असता. मी तो दोनदा वाचला. मग फ्रिज उघडून आतल्या बाटल्यांकडे पाहिलं. सतरा होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मीच त्या ओळीनं लावून गेले होते, आणि आता त्यांतली प्रत्येक बाटली माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतेय असं वाटायला लागलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी मागून आली. लहानखुरी आणि सारखी तुरुतुरु चालणारी म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात, तीही रागावत नाही. "वाचलंत ना, ताई? मज्जाच आहे," असं म्हणून ती हात धुवायला गेली. तिला मज्जा वाटली, इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सव्वीस वर्षं मी जनावरांच्या विष्ठेत जंतांची अंडी शोधते आहे. पाहुण्यांत कुणी काय काम करता म्हणून विचारलं की हे म्हणतात, "सरकारी प्रयोगशाळेत आहे ती," आणि विषय बदलतात. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. गाईचं शेण येतं, घोड्याची लीद येते, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या येतात, प्राणिबागेतून आणि रानातून हरणांचं, अस्वलाचं, क्वचित बिबट्याचंही येतं. ठरावीक वजनाचं घ्यायचं, मिठाच्या दाट पाण्यात कालवायचं, गाळायचं, रेघा आखलेल्या मोजणीच्या काचेत ड्रॉपरनं भरायचं आणि पाच मिनिटं हात न लावता थांबायचं. घाण खाली बसते. अंडी हलकी, ती वर येऊन काचेला चिकटतात. मग एकेक रेघ पकडून मोजत जायचं आणि आलेल्या आकड्याला पन्नासनं गुणायचं. जुने साहेब म्हणायचे, मोजताना जनावराचा विचार करू नका, मालकाचा तर मुळीच नको, फक्त रेघ सोडू नका. मी कधी सोडली नाही. पण गेल्या वर्षापासून माझ्या उजव्या डोळ्यासमोर धूर आहे. आधी वाटलं भिंग मळलंय, ते पुसलं. मग चष्मा पुसला. मग लक्षात आलं की पुसण्यासारखं बाहेर काही नाही. तेव्हापासून मी डाव्या डोळ्यानं मोजते, उजवा नुसताच सूक्ष्मदर्शकाला टेकवून ठेवते, दोन्ही डोळ्यांनी बघतेय असं दिसावं म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले नाही. तिथे गेलं की कागद होतो, कागद झाला की तो ऑफिसात येतो. माझ्या आधी या खुर्चीवर बसणारे गृहस्थ आता खाली नमुने घेण्याच्या खिडकीत बसतात. हात थरथरायला लागले म्हणून त्यांना तिथे बसवलं. दिवसभर बाटल्यांवर आकडे चिकटवतात, आणि मी जिन्यावरून जाताना, "कसं काय, आहे ना नजर शाबूत?" असं विचारतात. बरीच वर्षं ती थट्टा होती. आता मी मान खाली घालून पटकन वर जाते. मला त्या खिडकीत बसायचं नाही. माझ्यापाशी ही खुर्ची सोडून मिरवण्यासारखं दुसरं काही नाही.

म्हणून तो कागद सगळ्यांसाठी नव्हता, माझ्यासाठी होता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. प्रश्न एवढाच होता की साहेबांना सांगितलं कोणी. मुंगी माझ्या डाव्या हाताला बसते, तिला माझा उजवा डोळा दिसणं शक्य नाही, पण ती मध्येच उठून फ्रिजपाशी जाते आणि येताना माझ्यामागून येते. दुसरी शक्यता घरातली. सूनबाई. परवा चहा ओतताना माझ्या हातून कपाबाहेर गेला तेव्हा तिनं काही न बोलता ओटा पुसला होता. न बोलता पुसला हेच मला खटकलं. माझ्या सासूबाई असत्या तर मला चार शब्द ऐकवून मोकळ्या झाल्या असत्या, आणि मीही मोकळी झाले असते. ही बोलत नाही. त्या सोमवारी मी घरी गेले तर ती कढईशी उभी होती. "आई, भाजीत मीठ बघता का जरा? मला अंदाज येत नाहीये." तीन वर्षं रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला मिठाचा अंदाज येत नाही? मी चमचा तोंडात घातला आणि मला वाटलं, ही पण बाटलीच आहे. हिनं मुद्दाम मीठ कमी टाकलंय, किंवा टाकलेलंच नाही, आणि मला कळतंय का ते बघतेय. "बरोबर आहे," मी म्हटलं. खरं तर अळणी होती. जेवताना हे म्हणाले, "मीठ विसरलात का आज?" आणि सूनबाई माझ्याकडे बघून हसली. ते हसणं कसलं होतं ते मी अंथरुणावर पडेपर्यंत तपासत होते.

गुरुवारी वनरक्षक लांडग्याची विष्ठा घेऊन आला. डोंगराच्या पायथ्याच्या गवताळ रानात लांडग्यांची जोडी आहे, तिच्यावर कुणीतरी अभ्यास करतंय म्हणे. वनरक्षक खरा होता, वर्षानुवर्षं ओळखीचा, पण बाटली वाटेत कुणाच्या हातात गेली हे कोण सांगणार? मी नमुना लावला. काचेत बघते तर मेंढ्यांच्या जंतांची अंडी. साधी लंबगोल, पातळ कवचाची, पुष्कळ. मध्येच एखादं त्यांच्या दुप्पट मोठं, आत मोजून आठ पेशी. आणि दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी पिवळी, चार-पाच. नव्या माणसानं लगेच लिहून टाकलं असतं की लांडग्याला जंत झालेत. पण ही अंडी लांडग्याची नसतात. लांडग्यानं मेंढी खाल्ली की मेंढीच्या आतड्यातली अंडी त्याच्या पोटातून नुसती प्रवास करून बाहेर पडतात. जुने साहेब त्यांना वाटसरू म्हणायचे. मी हसले. काय पण परीक्षा काढली होती. मुंगी असती तर नक्की फसली असती. मी लिहिलं, 'अंडी भक्ष्याची, लांडग्याची नव्हेत, उपचार नको,' आणि मुंगीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वही मिटली. किती तरी दिवसांनी त्या संध्याकाळी मला भूक लागली होती.

मंगळवारी मेंढीची बाटली आली. तिच्याबरोबरचा कागद हातात घेतला तेव्हाच मला पाणी कुठं मुरतंय ते कळलं. आमच्याकडे नमुने कसे येतात ते मला विचारा. जुन्या औषधाच्या बाटलीतून, गाठ मारलेल्या पिशवीतून, एकानं तर मुलाच्या डब्यातून आणला होता. त्यात माती असते, गवत असतं, कागदावर अर्ध्या जागा कोऱ्या असतात आणि मालकाच्या नावाच्या जागी म्हशीचं नाव. ही बाटली धुवून पुसलेली, लेंड्या ताज्या, तळाशी मातीचा कण नाही. कागदावर गोल, टपोरं अक्षर, डाव्या बाजूला समास सोडून. कळप दोनशे दहा. लक्षणं: पापण्यांची आतली बाजू पांढरी, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज, कोकरं मागे पडतात. पुस्तकात बघून लिहिल्यासारखं. रानोमाळ मेंढ्यांमागे फिरणारी बाई असं लिहिते? ठिकाण: डोंगराच्या पायथ्याचं गवताळ रान. म्हणजे नवं ठिकाण शोधण्याचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. मी नमुना लावला, पाच मिनिटं थांबले, आणि भिंगाखाली पुन्हा तीच मंडळी. पातळ कवचाची लंबगोल, आठ पेशींची मोठी, दोन्ही टोकांना बूच लावलेली, आणि सगळी साधारण त्याच प्रमाणात. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुणीतरी एकाच मेंढीच्या लेंड्या घेतल्या होत्या, थोड्या लांडग्याच्या विष्ठेत कालवल्या होत्या आणि उरलेल्या या बाटलीत भरल्या होत्या. आधी वाटसरू ओळखते का ते बघायचं, मग मोजता येतं का ते. मी डोळ्यात तेल घालून मोजलं, एका डोळ्यात जेवढं मावतं तेवढं. चौऱ्याऐंशी. पुन्हा मोजलं. चौऱ्याऐंशी. हवेचे बुडबुडे काळ्या कडांचे असतात, धुरातून तेही अंड्यांसारखे दिसतात, म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. मग पन्नासनं गुणून वहीत लिहिलं, चार हजार दोनशे.

आमचा एक नियम आहे. आकडा तीन हजारांच्या वर गेला की अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी मालकाला फोन करायचा, कारण हे जंत रक्त पितात आणि लहान जनावर चार दिवसही काढत नाही. मी फोनपाशी गेले. कागदावर नंबर होता, त्याच टपोऱ्या अक्षरात, आकडे दोन-दोन सुटे लिहिलेले. पहिले चार आकडे फिरवले आणि थांबले. हा फोन कुठे वाजणार? साहेबांच्या एखाद्या मित्राच्या टेबलावर. तो उचलून म्हणणार, हो, मेंढ्या माझ्याच, आणि रिसीव्हरवर हात ठेवून हसणार. 'तुमच्या बाई फसल्या' म्हणून सांगणार. मी नसलेल्या बाईच्या नसलेल्या मेंढ्यांना औषध सांगत बसणार. आणि समोर मुंगी. तिनं मान वर करून विचारलं, "कुणाला फोन, ताई?" "कुणाला नाही," मी म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला. मोजायला सांगितलं, मोजलं. मी त्यांच्या दोरीवर नाचणार नव्हते. अहवाल टपालात टाकला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ज्या बाटलीत माती जास्त ती मुद्दाम मळवलेली वाटायची, ज्या बाटलीत काहीच सापडत नव्हतं तिच्यात काय लपवलंय म्हणून मी चार-चार काचा भरायचे. एका गाढवाच्या लिदीवर अख्खी दुपार घालवली. खिडकीतले गृहस्थ वर निरोप घेऊन आले तरी त्यांना कुणी पाठवलं असेल याचा विचार करायचे. घरीही तेच. ह्यांनी रविवारी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं, "हे बारीक काय लिहिलंय गं? माझा चष्मा आत राहिलाय." चष्मा त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता. "तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात मला या माणसाचा कधी संशय आला नव्हता, आणि तो आला तेव्हा किती सहज येऊन बसला, जसा काही तो घरातलाच होता. त्याच दुपारी सूनबाई गच्चीत फोनवर बोलत होती. वाळलेले कपडे काढायला गेले तर तिचा आवाज आला, "नाही, त्यांना आत्ताच नका सांगू. सांगितलं तर त्या येणारच नाहीत." मला बघून तिनं फोन ठेवला आणि टॉवेलाची घडी घालायला लागली. "कुणाचा होता?" "मैत्रिणीचा, आई." मी चिमटे मोजत खाली आले. नऊ होते. कुठेतरी समाधान वाटत होतं, की बघ, तुझं काही चुकत नाहीये. ते समाधान फार वाईट असतं, हे आता सांगता येतं.

शुक्रवारी दुपारी खिडकीत बाटली न देता एक बाई थेट वर आली. उन्हानं रापलेली, चाळिशीची, पायात माणसाचे म्हणजे पुरुषाचे जाड बूट. हातात बाटली, धुवून पुसलेली. दारात उभी राहून तिनं खोलीभर नजर फिरवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आधी एक बाटली दिली होती. मेंढ्यांची. तिचं काय झालं ते कळलं नाही, म्हणून ही दुसरी आणलीय."

"अहवाल टपालानं पाठवलाय," मी म्हटलं. माझा आवाज बरोबर निघाला.

"आमचा मुक्काम हलतो, ताई. टपाल कुठं शोधणार आम्हाला? म्हणून फोन लिहिला होता." ती आवाज न चढवता बोलत होती. "पंधरा कोकरं गेली. आज सकाळी दोन. त्याच्या आधी लांडग्यानं तीन नेली होती, बाटली आणली त्याच्याही आधी. त्यांना पळताच येत नव्हतं. उभी राहिली नुसती."

लांडग्यानं तीन नेली. भिंगाखालची ती मंडळी माझ्यासमोर पुन्हा आली, तीच लंबगोल, तीच आठ पेशींची, त्याच प्रमाणात, आणि कुणी काही कालवलेलं नव्हतं. लांडग्यानं तिच्या मेंढ्या खाल्ल्या होत्या, एवढंच झालं होतं. गुरुवारी लांडगा सांगत होता, मंगळवारी मेंढ्या सांगत होत्या, ठिकाणसुद्धा खरं सांगत होत्या. बोलणं ऐकून साहेब त्यांच्या खोलीतून आले. त्यांनी वही उघडली, बोट फिरवत आणलं, आणि बोट थांबलं. "चार हजार दोनशे? बाई, यांना फोन नाही केला?"

"मला वाटलं ती परीक्षेची बाटली आहे."

"कसली परीक्षा?"

मी फ्रिजकडे बोट दाखवलं. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, जसं काही ते तो पहिल्यांदाच वाचत होते. "ते नमुने?" ते म्हणाले. "ते अजून आलेच नाहीत हो. मोठ्या प्रयोगशाळेकडून यायचेत, पुढच्या महिन्यात बघू म्हणालेत. मी नुसता कागद लावून ठेवला होता." मग ते औषधांच्या कपाटाची किल्ली आणायला गेले. मोठे डोस मोजून घेताना कपाटातून बाटल्यांचा आवाज येत होता. मुंगी जागची हलली नव्हती. परीक्षेची बाटली एकही आली नव्हती. तीन आठवडे माझ्या हातून गेलेली प्रत्येक बाटली खरी होती, गाढवाची लीदसुद्धा.

आता एकच गोष्ट राहिली होती आणि ती लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. मला वाटत होतं, निदान हे तरी निघावं, की डोळ्यानं दगा दिला, आकडाच चुकला, बुडबुडे मोजले गेले. मग दोष धुराचा झाला असता. मी मुंगीला म्हटलं, "माझ्या उजव्या डोळ्यानं दिसत नाही. वर्ष झालं. यांची जुनी बाटली फ्रिजमध्ये आहे, तू मोज." एवढी वाक्यं मी वर्षभर गिळली होती, आणि बाहेर पडायला त्यांना चहा ओतण्याएवढाही वेळ लागला नाही. मुंगीनं मान हलवली. "मला माहितीये, ताई," ती हळूच म्हणाली, "म्हणून तर मी तुमच्या काचा पुसून ठेवते रोज." मग तिनं बाटली काढली, वजन केलं, कालवलं, गाळलं, काच भरली. पाच मिनिटं थांबायचं होतं. मेंढ्यांची बाई माझ्या टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती, तिच्या नखांत लोकरीचे धागे होते. मुंगी भिंगाला डोळे लावून ओठांनी मोजत गेली, एक खण, दुसरा खण. "शहाऐंशी," ती म्हणाली.

चौऱ्याऐंशी आणि शहाऐंशी. दोन अंड्यांचा फरक कुणाच्याही मोजणीत पडतो. माझा डोळा बरोबर होता. त्या बाईनं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, "म्हणजे तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं. "बाटली खोटी आहे असं वाटलं मला. कुणीतरी मुद्दाम भरून ठेवलीय असं."

"मीच भरली होती, ताई," ती म्हणाली. "सहा मेंढ्यांच्या मागं मागं फिरून. जमिनीला लागू दिली नाही, कारण तुमच्या कागदावर तसं लिहिलंय." त्यात राग नव्हता. मी रागाची वाट बघत होते, तो आला असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. मुंगीनं मला पाणी आणून दिलं. संध्याकाळी घरी मला कळायचं होतं की सूनबाईनं आणि ह्यांनी मिळून डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, बुधवारची, आणि मला बाजाराच्या नावानं बाहेर काढायचं ठरवलं आहे. पण ते संध्याकाळी. आत्ता दुपारचे तीन वाजले होते आणि नवी बाटली नोंदवायची होती. मी खणातून कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं पेन घेतलं, अंगठ्यानं डावीकडे समास मोजला आणि लिहायला लागली. तेच गोल, टपोरं अक्षर. कळप एकशे पंच्याण्णव. लक्षणांच्या जागी तिनं मागच्यासारखंच सगळं लिहिलं, फक्त 'कोकरं मागे पडतात' हे लिहिलं नाही. शेवटच्या ओळीवर येऊन ती थांबली.

"फोन नंबर परत लिहू का?"

"लिहा."

तिनं आकडे दोन-दोन सुटे लिहिले, सावकाश, आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मागच्या वेळीही लिहिला होता," ती म्हणाली.